ठिसूळ हाडांच्या स्त्रीसाठी खुब्याचा कृत्रिम सांधा : निवड कशी करावी

तीन वर्षांपूर्वी माझी आत्या मोरीच्या उंबऱ्यापाशी पडली. वय ७२, वजन ४८ किलो, चण लहान. संध्याकाळी रुग्णालयाच्या समुपदेशकाने आम्हा भावंडांपुढे एक कागद ठेवला. त्यावर तीन ओळी होत्या : भारतीय, इम्पोर्टेड, इम्पोर्टेड सिरॅमिक; आणि प्रत्येकीपुढे एक रक्कम. आम्ही त्या रकमांची गणिते मांडत असताना खाटेवरून आत्याने विचारले, "ते सगळं ठीक आहे रे, पण माझं हाड ते धरेल का?"

त्या कागदावर या प्रश्नाचे उत्तर नव्हते. पुढे पुष्कळ वाचल्यावर आणि डॉक्टरांना विचारल्यावर लक्षात आले की प्रश्न तिचाच बरोबर होता. ज्या स्त्रीची हाडे ऑस्टिओपोरोसिसने ठिसूळ झाली आहेत, तिच्या बाबतीत कृत्रिम सांधा कोणत्या देशातून आला किंवा गोळा कशाचा आहे यापेक्षा तो हाडात कसा बसवणार, याला कितीतरी अधिक महत्त्व आहे. म्हणून पुढील मजकूर त्याच क्रमाने लिहिला आहे. अंतिम निर्णय अर्थातच एक्स-रे आणि रुग्ण दोन्ही समोर असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांचा. परंतु त्यांना काय विचारायचे आणि मिळालेले उत्तर कसे समजून घ्यायचे, एवढी तयारी घरच्यांनी करून ठेवता येते.

प्रथम शब्द स्पष्ट करून घेऊ. पूर्ण कृत्रिम खुब्याचे चार भाग असतात. कंबरेच्या हाडातील खोलगट जागेत बसणारी वाटी, त्या वाटीचे अस्तर म्हणजे लायनर, त्यात फिरणारा गोळा, आणि तो गोळा ज्याच्या टोकावर बसतो तो मांडीच्या हाडाच्या पोकळीत खोल उतरणारा दांडा. कागदावरच्या किमतींतील फरक बराचसा गोळा आणि लायनर यांच्या साहित्यावरून पडतो. ठिसूळ हाडाचे भवितव्य मात्र बहुतांशी दांड्यावर अवलंबून असते.

पहिली पायरी : मोडले आहे की झिजले आहे, आणि नेमके कुठे

वयस्कर स्त्री साध्या घसरण्याने पडली, पाय आखूड होऊन बाहेरच्या बाजूला वळला आणि उभे राहता येईना, तर खुब्यापाशी हाड मोडल्याची शक्यता मोठी असते. मात्र मोडण्याची जागा महत्त्वाची आहे. गोळ्याच्या लगेच खाली हाडाची जी मान असते, ती मोडून सरकली की गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. त्यामुळे उतारवयात ती जोडण्यापेक्षा गोळा बदलणेच श्रेयस्कर ठरते. याउलट मानेच्या खाली, जिथे मोठे स्नायू हाडाला चिकटतात तिथे मोडले असेल, तर बहुतेक वेळा सांधा बदलत नाहीत. आतून सळई घालून हाड जोडतात, जिला रुग्णालयात सगळे 'पीएफएन' म्हणतात. "शेजारच्या काकूंचा तर गोळा बदलला, मग आईला सळईच का?" हा वाद रुग्णालयाच्या व्हरांड्यात अनेकदा ऐकू येतो आणि तो निरर्थक आहे, कारण दोघींची हाडे वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेली असतात.

सांधा झिजल्यामुळे, संधिवातामुळे किंवा गोळ्याचा रक्तपुरवठा हळूहळू बंद पडल्यामुळे शस्त्रक्रिया ठरली असेल, तर हाताशी काही आठवडे किंवा महिने असतात आणि त्या काळात हाडांवरचे उपचार सुरू करता येतात. हाड मोडल्यावर तशी सवड नसते. प्रकृती स्थिर असेल तर ३६ ते ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी, असाच जगभरचा आग्रह आहे. अंथरुणावर पडून राहण्याने न्यूमोनिया, रक्ताच्या गाठी आणि शय्याव्रण यांचा धोका प्रत्येक दिवसागणिक वाढतो. 'इम्पोर्टेड माल चार दिवसांनी येईल' म्हणून थांबणे या परिस्थितीत क्वचितच योग्य ठरते.

मान मोडलेली असेल तर पुढचा प्रश्न अर्धा सांधा की पूर्ण, हा असतो. अर्ध्या सांध्यात दांडा आणि गोळाच बसवतात. वाटी रुग्णाची स्वतःचीच राहते. आपल्याकडे याला सर्रास 'बायपोलर' म्हणतात, कारण त्यातला गोळा दोन थरांत फिरणारा असतो. शस्त्रक्रिया लहान, रक्तस्राव कमी, सांधा निखळण्याची शक्यताही कमी. मात्र चालती-फिरती स्त्री अनेक वर्षे जगली तर धातूच्या गोळ्याखाली तिच्या वाटीची कूर्चा झिजू शकते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या 'हेल्थ' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पन्नाशीपुढील १,४९५ रुग्णांची तुलना केली होती. दोन वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण पूर्ण सांध्यात ७.९ टक्के आणि अर्ध्या सांध्यात ८.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखे निघाले. पूर्ण सांध्याने हालचालीत थोडा फायदा झाला, पण थोडाच. त्यामुळे पडण्यापूर्वी जी स्त्री एकटी बाजारात जात होती, जिची स्मृती शाबूत आहे आणि जिला मोठी शस्त्रक्रिया झेपेल, तिच्यासाठी पूर्ण सांधा. जी घरातल्या घरात आधाराने चालत होती किंवा जिला स्मृतिभ्रंश आहे, तिच्यासाठी अर्धा सांधा, हा ढोबळ विचार योग्य आहे. अर्धा सांधा सुचवला म्हणजे डॉक्टरांनी स्वस्तात उरकले, असे समजू नये.

दुसरी पायरी : हाडाची खरी अवस्था जाणून घेणे

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने हाड झपाट्याने विरळ होत जाते, हे आता बहुतेकींना ठाऊक असते. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याहून कमी आला की त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. उणे १ ते उणे २.५ ही त्याच्या आधीची पायरी. परंतु उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला असेल, तर डेक्साचा आकडा काहीही असो, ते ऑस्टिओपोरोसिसच समजून उपचार करायचे असतात. या एका वाक्याची आठवण डॉक्टरांनाही करून द्यावी लागते, कारण हाड बसवले की प्रकरण संपले अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. डेक्सा नंतर करायची झाल्यास ती दुसऱ्या बाजूच्या खुब्याची करावी, कारण धातू बसवलेल्या बाजूचा आकडा उपयोगाचा नसतो. तसेच वयस्कर बाईच्या मणक्यात झिजेमुळे हाड वाढलेले असेल तर मणक्याचा आकडा खोटा चांगला दिसतो.

दांड्याच्या निवडीसाठी मात्र डेक्सापेक्षा साधा एक्स-रे अधिक बोलका असतो. लॉरेन्स डॉर या अमेरिकन शल्यविशारदांच्या नावाने ओळखली जाणारी एक वर्गवारी आहे. मांडीच्या हाडाच्या भिंती जाड आणि आतली पोकळी नरसाळ्यासारखी खाली निमुळती होत गेलेली असेल तर तो 'ए' प्रकार. भिंती पातळ होऊन पोकळी वरपासून खालपर्यंत पाण्याच्या पाइपसारखी सरळ आणि रुंद झाली असेल तर तो 'सी' प्रकार. 'बी' या दोहोंच्या मधला. सत्तरीच्या पुढच्या, ठिसूळ हाडांच्या सडपातळ स्त्रियांमध्ये 'सी' प्रकार वारंवार आढळतो. "आईचा डॉर प्रकार कोणता?" एवढे विचारले तरी संभाषण रकमांवरून हाडावर येते. डॉक्टरांना विनंती केल्यास बहुतेक जण एक्स-रे प्रकाशात धरून किंवा पडद्यावर मोठा करून त्या पातळ भिंती दाखवतात. आत्याच्या एक्स-रेवर मांडीच्या मध्यापर्यंत हाडाच्या दोन्ही कडा पेन्सिलने ओढलेल्या रेघांइतक्या बारीक दिसत होत्या. ते एकदा पाहिल्यावर आमच्यापैकी कोणीही 'सिरॅमिक' हा शब्द पुन्हा काढला नाही.

दोन विशेष बाबी डॉक्टरांना आपण होऊन सांगाव्यात. एक, पूर्वी त्याच पायात पट्टी, स्क्रू किंवा सळई बसवलेली असेल तर ती काढल्यावर उरणारी भोके हाड पुन्हा मोडण्याच्या जागा ठरतात, म्हणून त्यांच्या बऱ्याच खालपर्यंत पोहोचणारा लांब दांडा लागू शकतो. दुसरी, ऑस्टिओपोरोसिसवरचे अ‍ॅलेंड्रोनेटसारखे औषध अनेक वर्षे चालू असून मांडीत आधीपासून दुखत असेल, तर खुब्याचाच नव्हे, गुडघ्यापर्यंतच्या संपूर्ण मांडीच्या हाडाचा एक्स-रे काढून घ्यावा. अशा औषधांच्या दीर्घ वापरात क्वचित मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या कडेला बारीक भेग पडू लागते, आणि शस्त्रक्रियेपूर्वी ती दिसली नाही तर दांड्याची लांबीच चुकते.

तिसरी पायरी : सिमेंटचा दांडा की बिनसिमेंटचा

सबंध निवडीत हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा आहे.

बिनसिमेंटचा दांडा बहुधा टायटॅनियमचा असतो. त्याचा पृष्ठभाग खरखरीत असतो किंवा त्यावर हाडातल्याच खनिजाशी मिळत्याजुळत्या हायड्रॉक्सीॲपेटाइटचा थर दिलेला असतो. तो हाडाच्या पोकळीत हातोडीने ठोकून घट्ट बसवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत हाड त्याच्या पृष्ठभागात वाढून त्याला धरते. ही पद्धत सुंदर आहे, पण तिची एक अट आहे : पहिल्या दिवशी हाडाने दांडा घट्ट आवळून धरला पाहिजे. जाड भिंतींचे हाड ते करते. पातळ भिंतींच्या पाइपमध्ये एकतर दांडा हळूहळू खाली घसरतो, किंवा तो घसरू नये म्हणून मोठा दांडा जोराने ठोकावा लागतो आणि हाडाला तडा जातो. तडा शस्त्रक्रियेतच दिसला तर तारेने बांधता येतो. न दिसलेला तडा घरी गेल्यावर, पहिल्या काही आठवड्यांत, कधी नुसत्या वळण्याने उघडतो, आणि मग आधीच्यापेक्षा कितीतरी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

सिमेंटच्या पद्धतीत दांडा हाडापेक्षा थोडा लहान असतो आणि भोवतालची जागा अस्थिसिमेंटने भरून काढतात. नावावरून गैरसमज होतो, पण त्याचा बांधकामाशी काही संबंध नाही. हे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट नावाचे अ‍ॅक्रिलिक आहे. दातांच्या कवळीचा गुलाबी भाग ज्या कुळातल्या पदार्थाचा बनतो, तेच. शस्त्रक्रियागृहात पांढरी पूड आणि उग्र वासाचा द्रव एकत्र केले की आधी पातळ खीर होते, मग सैल कणीक, आणि दहा-पंधरा मिनिटांत दगड. परिचारिकेच्या किंवा डॉक्टरांच्या हातात उरलेली गोळी मुद्दाम धरून ठेवलेली असते. ती गरम होऊन कडक झाली की आतले सिमेंटही बसले असे समजतात. खोली गरम असेल तर ते लवकर घट्ट होते, म्हणून अनुभवी चमू तापमानाकडे लक्ष ठेवतो. सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही. ते हाडाच्या जाळीदार पोकळ्यांत शिरून तिथे अडकून बसते. ठिसूळ हाडात या पोकळ्या मोठ्या असतात, त्यामुळे ज्या विरळपणाने बिनसिमेंटच्या दांड्याची अडचण होते, तोच इथे उपयोगी पडतो. दांडा त्याच दिवशी पक्का बसतो आणि साधारणपणे दुसऱ्या दिवसापासून पूर्ण वजन देऊन वॉकरने चालता येते. संसर्ग टाळण्यासाठी सिमेंटमध्ये जेंटामायसिनसारखे प्रतिजैविकही मिसळलेले मिळते.

"सिमेंट म्हणजे जुनी पद्धत" हे वाक्य कानावर आले तर बिचकू नये. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधील राइटिंग्टन येथे १९६२च्या सुमारास आधुनिक खुबारोपणाचा पाया घातला तो सिमेंटवरच, हे खरे. पण जुने असणे आणि कालबाह्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक्सेटर येथे १९७० साली वापरात आलेला गुळगुळीत, निमुळता दांडा आजही जगभर बसवला जातो. २०२२ साली ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीत खुबा मोडलेल्या, साठीच्या पुढच्या १,२२५ रुग्णांना सिमेंटचा किंवा आधुनिक बिनसिमेंटचा अर्धा सांधा बसवला गेला. सांध्याभोवतीचे हाड पुन्हा मोडण्याचे प्रमाण सिमेंटच्या गटात ०.५ टक्के तर बिनसिमेंटच्या गटात २.१ टक्के निघाले, आणि पहिल्या चार महिन्यांतली जीवनाची गुणवत्ताही सिमेंटच्या गटात थोडी बरी राहिली. ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांतील मार्गदर्शक सूचना मान मोडलेल्या वयस्कर रुग्णांसाठी सिमेंटचाच दांडा सुचवतात. हाड न मोडता सांधा झिजल्यामुळे होणाऱ्या शस्त्रक्रियांतही, सत्तरीपुढील स्त्रियांमध्ये बिनसिमेंटच्या दांड्याभोवती लवकर फ्रॅक्चर होण्याचे प्रमाण अधिक असल्याचे विविध देशांच्या सांधेरोपण नोंदवह्या दाखवतात.

तरीही सिमेंट धोक्याविना नसते. ते दाबाने भरताना हाडातील चरबी आणि मज्जा रक्तप्रवाहात ढकलली जाऊन अचानक रक्तदाब आणि प्राणवायू खाली येऊ शकतो. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असलेल्या वृद्ध स्त्रीमध्ये हा धोका खरा आहे. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना भेटून दम्याचा, हृदयविकाराचा, पायात पूर्वी झालेल्या रक्ताच्या गाठीचा पूर्ण इतिहास सांगावा; आणि पोकळी पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन कोरडी करणार का, सिमेंट नळीने खालून वर भरणार का, हे शल्यविशारदांना विचारायला संकोच करू नये. ही काळजी घेतली की धोका बराच कमी होतो. हृदय फारच नाजूक असेल तर बिनसिमेंटचा दांडा हा समजून-उमजून घेतलेला अपवाद ठरू शकतो.

पंचावन्न-साठीच्या, हाडे विरळ झालेल्या पण भिंती अजून शाबूत असलेल्या, म्हणजे डॉर 'बी' प्रकारच्या स्त्रीसाठी बिनसिमेंटचा दांडा पूर्णपणे रास्त निवड असू शकतो. तसा तो बसवायचा असेल तर कॉलर असलेला दांडा उपलब्ध आहे का, हे विचारावे. दांड्याच्या मानेपाशी असलेली ही छोटी किनार हाडाच्या कापलेल्या कडेवर टेकते, आणि त्यामुळे दांडा खाली घसरणे व सुरुवातीचे फ्रॅक्चर या दोन्हींचे प्रमाण घटते. माझे स्वतःचे मत विचाराल तर, सत्तरीपुढची बाई, पातळ भिंती आणि तरीही बिनसिमेंटचा आग्रह, असे दिसले की कारण विचारल्याशिवाय संमतीपत्रावर सही करू नये. कारण चांगले असेल तर ते दोन वाक्यांत सांगता येते.

आणखी एक गोष्ट. ऑस्टिन मूर या जुन्या, बिनसिमेंटच्या एकसंध अर्ध्या सांध्याचा वापर काही ठिकाणी केवळ किमतीमुळे अजून होतो. ठिसूळ हाडात तो सैल होऊन मांडी दुखत राहण्याची शक्यता पुष्कळ असते. तेवढ्याच बजेटमध्ये सिमेंटचा साधा अर्धा सांधा बसतो का, हे अवश्य विचारावे.

चौथी पायरी : वाटी

वाटीच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे. स्क्रूने पक्की केलेली, खरखरीत पृष्ठभागाची बिनसिमेंटची वाटी वयस्कर स्त्रियांमध्येही बहुधा चांगली धरते. मऊ हाडात ती फार ठोकली तर भोवतालच्या हाडाच्या कडेला तडा जातो, म्हणून जाणते शल्यविशारद ठोकण्यावर कमी आणि स्क्रूंवर अधिक भिस्त ठेवतात. बिनसिमेंटची वाटी आणि सिमेंटचा दांडा या जोडीला 'हायब्रिड' म्हणतात, आणि ठिसूळ हाडांच्या स्त्रीसाठी ही आज फार समंजस जोडी आहे. हाड अतिशयच मऊ असेल, किंवा त्या भागाला पूर्वी किरणोत्सर्गाचे उपचार झाले असतील, तर सिमेंटने बसवलेली पॉलिएथिलीनची, म्हणजे एका टणक प्लास्टिकची, वाटी हा पर्याय राहतो.

लहान चणीच्या स्त्रियांमध्ये वाटीच लहान लागते, आणि लहान वाटीत मोठा गोळा बसवला तर मधले लायनर फार पातळ होते. म्हणून '३६ मिलिमीटरचा मोठा गोळा टाका' असा आग्रह धरू नये; २८ किंवा ३२ मिलिमीटरचा गोळाच अनेकदा योग्य ठरतो. सांधा निखळण्याची विशेष भीती असेल, म्हणजे पार्किन्सन, पक्षाघात, अशक्त स्नायू किंवा सूचना लक्षात न राहणे यांपैकी काही असेल, तर 'ड्युअल मोबिलिटी' वाटीची चौकशी करावी. फ्रान्समध्ये १९७०च्या दशकात जिल बूस्के यांनी मांडलेल्या या कल्पनेत लहान गोळा एका मोठ्या पॉलिएथिलीनच्या गोळ्यात फिरतो आणि तो मोठा गोळा गुळगुळीत वाटीत, त्यामुळे सांधा सहजी निखळत नाही. खर्च वाढतो, सरसकट सर्वांना त्याची गरज नसते.

पाचवी पायरी : गोळा आणि लायनर

ज्यावर सर्वाधिक चर्चा होते तो हा भाग खरे तर थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. हायली क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीनचे, म्हणजे कमी झिजावे म्हणून विशेष प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचे, लायनर आणि त्यात धातूचा किंवा सिरॅमिकचा गोळा, एवढे पुरेसे आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या या पॉलिएथिलीनने झिजेचा प्रश्न बराचसा सोडवला. साठीच्या आतल्या, पुष्कळ हालचाल करणाऱ्या स्त्रीसाठी सिरॅमिकच्या गोळ्यावर थोडे अधिक पैसे घालणे समजण्यासारखे आहे. पंच्याहत्तरीच्या आजींसाठी ते पैसे औषधे, फिजिओथेरपी आणि न्हाणीघरात आधाराला धरायच्या दांड्यांवर खर्च झाले तर अधिक सार्थकी लागतील. सिरॅमिकचा गोळा सिरॅमिकच्याच लायनरमध्ये बसवला तर झीज नगण्य, पण कधी कुरकुर आवाज येतो आणि क्वचित तुकडा उडतो.

दोन प्रकार मात्र ठामपणे नाकारावेत. ठिसूळ हाडांच्या स्त्रीसाठी 'रिसरफेसिंग', म्हणजे गोळा न कापता त्यावर धातूची टोपी बसवणे, योग्य नाही. टोपीखालची मान मोडण्याची भीती असते. दुसरा, धातूच्या वाटीत धातूचा गोळा. डीप्यू कंपनीचा एएसआर हा असाच सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतातही अनेकांना तो बसवलेला होता आणि त्यांच्या भरपाईचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे चालला. लहान आकाराचे सांधे लागत असल्याने या प्रकाराचा त्रास स्त्रियांना अधिक झाला.

त्या प्रकरणात आपल्याला नेमके काय बसवले आहे, हेच कित्येक रुग्णांना सांगता आले नाही. म्हणून पुढची पायरी.

सहावी पायरी : कागद

शस्त्रक्रियेपूर्वी दांडा, वाटी, लायनर आणि गोळा यांची कंपनी, मॉडेल आणि साहित्य लिहून मागावे. त्या मॉडेलला 'ओडेप' मानांकन आहे का, हे विचारावे. हे ब्रिटनमधील तज्ज्ञ मंडळाचे मानांकन आहे. त्यातील आकडा किती वर्षांचा पुरावा उपलब्ध आहे ते सांगतो, म्हणून '१०ए' म्हणजे दहा वर्षांचा चांगला पुरावा. भारतीय की परदेशी या प्रश्नापेक्षा 'किती वर्षांचा पुरावा' हा प्रश्न कधीही चांगला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करायची असल्यास पॅकेजमध्ये सिमेंटचा दांडा बसतो का आणि वरचा खर्च काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधीच स्पष्ट करून घ्यावे. गुडघ्याच्या इम्प्लांटच्या कमाल किमती केंद्राने ऑगस्ट २०१७ मध्ये ठरवल्या, पण तो आदेश गुडघ्यापुरता होता. त्यामुळे खुब्याच्या बाबतीत दोन ठिकाणी अंदाजपत्रक घेणे शहाणपणाचे ठरते, अर्थात हाड मोडलेले नसेल तर.

घरी जाताना इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर चिकटवलेला कागद मागून घ्यावा. त्यावर मॉडेल, आकार आणि लॉट क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून दोन-तीन जणांच्या फोनमध्ये ठेवावा. पंधरा वर्षांनी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरांना हाच कागद लागेल.

सातवी पायरी : सांधा बसला, आता हाड सांभाळायचे

इथे आपल्याकडे सर्वांत मोठी हयगय होते. एक खुबा मोडलेल्या स्त्रीला दुसरा मोडण्याचा आणि पहिल्याच दांड्याभोवती हाड मोडण्याचा धोका असतो, आणि तरी डिस्चार्जच्या कागदावर बहुधा कॅल्शियमची गोळी तेवढी लिहिलेली असते. ती पुरेशी नाही.

प्रथम रक्तातील ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, मूत्रपिंडाचे कार्य, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ६०,००० युनिटांची साप्ताहिक मात्रा डॉक्टर काही आठवडे देतात. ती मनानेच वर्षभर चालू ठेवू नये. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला सुमारे १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहार आणि गोळ्या मिळून पोटात जावे. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असते, त्यामुळे सकाळची आंबील आणि दुपारचे ताक यांनी चांगला हातभार लागतो.

मुख्य औषध त्यानंतरचे. झोलेड्रोनिक आम्लाचे ५ मिलिग्रॅमचे सलाइन वर्षातून एकदा देतात. खुबा मोडलेल्या रुग्णांवर झालेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत हे औषध सुरू केलेल्यांमध्ये नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. हे औषध देण्यापूर्वी ड जीवनसत्त्व भरून काढलेले असावे, मूत्रपिंडाचे कार्य पुरेसे असावे आणि दात काढायचे असतील तर ते काम आधी उरकावे. अ‍ॅलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवे व्हायचे नाही; चहाबरोबर घेतलेली गोळी वाया जाते. डेनोसुमॅबचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते आणि त्याची तारीख चुकवणे धोक्याचे आहे, कारण ते अचानक थांबवल्यास मणक्यांची फ्रॅक्चर होऊ शकतात. हाड फारच विरळ असेल तर टेरिपॅराटाइडचे रोजचे इंजेक्शन, जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि त्यानंतर वरीलपैकी दुसरे औषध, असा क्रम असतो. यांपैकी कोणत्याही औषधाने बसवलेला सांधा बिघडत नाही.

आठवी पायरी : घर

आत्याच्या घरी आम्ही मोरीचा उंबरा फोडून उतार केला, पायपुसणी उचलली, कमोडवर उंच बैठक बसवली आणि रात्री लागणारा लहान दिवा संडासाच्या वाटेवर लावला. जमिनीवर मांडी घालून बसणे, पाटावर जेवणे, उकिडवे बसणे बंद करावे लागते. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर पहिले काही आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवायचा नाही आणि पायावर पाय टाकायचा नाही. साडीचा घोळ पायात येणार नाही असा नेसावा किंवा काही महिने गाऊन घालावा, ही सूचना कोणत्याही छापील पत्रकात नव्हती. ती फिजिओथेरपिस्ट बाईंनी दिली. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उठताना चक्कर येते का, हे फॅमिली डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. मोतीबिंदू असेल तर त्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये.

तपासणीसाठी सहा आठवडे, एक वर्ष आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढावा. मधल्या काळात बरी चालणारी स्त्री पुन्हा लंगडू लागली, पाऊल टाकताना मांडीच्या मध्यभागी दुखू लागले, पाय आखूड वाटू लागला, जखमेतून स्राव आला किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जावे, आणि जाताना तो स्टिकरचा कागद व पहिला एक्स-रे बरोबर घ्यावा.